विहिरीत पडणारे पत्ते

३ जाने. १९९४, सोम.

नवी वही. गेल्या वर्षीची फेब्रुवारीतच बंद पडली. ही तरी चालावी.

जेवून कॉम्प्युटर-रूममध्ये परतले. धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढतो, त्यामुळे पाऊल वाजलं नसावं. जयवंतने मला पाहिलं आणि चटकन स्क्रीन कोरी केली.
"काय रे?"
"काय नाय ताई. डिस्पॅचचा रिपोर्ट बगत होतो."
रिपोर्ट बघताना कोणी स्क्रीन पुसत नाही. तीन वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसतोय हा दांडी गावचा पोरगा. खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. आजही झाले.

५ जाने., बुध.

खेळ जवळजवळ पुरा झाला. दिवाळीपासून रोज जेवणाच्या सुट्टीत दोघं मिळून. देवधर साहेबांना पत्ता नाही.

सुरुवात त्याची, हे मान्य. मशीनच्या पोटात की-बोर्डवर नसलेली चिन्हंही असतात, आणि त्यात तीन ते सहा नंबरला बदाम, चौकट, किलवर, इस्पिक! त्याने ती पहिल्यांदा स्क्रीनवर काढली तेव्हा कितीतरी वेळ हसत बसलो होतो. मग ते पत्ते वरून पडायला लागले. सात रकान्यांची विहीर. पत्ते एकेक करून खाली येतात, डावीउजवीकडे सरकवून बसवायचे. एकाच रंगाचे लागोपाठचे तीन शेजारी आले, सत्ती-अठ्ठी-नव्वी, की गायब. विहीर काठापर्यंत भरली की संपलं. नाव VIHIR. मशीनला मराठी लिहिता येत नाही.

पण नुसतं तेवढंच आठवड्यात शिळं झालं होतं. "एक पत्ता हातात धरून ठेवता आला पाहिजे," हे मी सुचवलं. आई रमीत तेच करते. एक पत्ता धरून बसते, बाकीचे वैतागतात. आता की-बोर्डचं लांब बटण दाबलं की पडता पत्ता हातात, पुन्हा दाबलं की विहिरीत. जयवंतने ते दोन दिवसांत बसवलं आणि म्हणाला, "ताई, आता जान आली ह्याच्यात!"

त्याचे शब्द मुद्दाम लिहून ठेवतेय. का, ते नीट सांगता येत नाही.

१० जाने., सोम.

दहा फ्लॉप्यांचं नवं खोकं. शनिवारी मीच सील फोडलं. आज आत नऊ.

कंपनीची फ्लॉपी गेटबाहेर न्यायची नाही, असा बोर्डच आहे. पण वॉचमन डबे उघडून बघतो, फायली नाही. संध्याकाळी जयवंतने फाइल छातीशी धरली होती. एरवी काखेत असते.

विचारायला काय झालं होतं? विचारलं नाही.

१५ जाने., शनि.

काल संक्रांत, शुक्रवार म्हणजे कारखान्याला सुट्टीच. आज त्याने डब्यातून लाडू आणले. "आयनं तुमच्यासाठी वेगळे बांदलेत." घेतले. तो म्हणाला, "गोड बोला." मी म्हटलं, बोलते की. मग दिवसभर डिस्पॅचच्या चलनांशिवाय एक शब्द नाही.

घरी ह्यांना सांगितलं, जयवंतने खेळ फ्लॉपीवर बाहेर नेलाय बहुतेक. हे गणिताचे मास्तर, सगळं पायरीपायरीने.
"तुला तो खेळ विकायचा होता का?"
"नाही."
"छापून यायचा होता?"
"नाही."
"मग तो कुठे नेईना का?"
आठ वर्षं चलनं काढतेय. किती ड्रम, कुठला ट्रक, कोणाच्या नावे. त्यात माझं डोकं कोणाला लागत नाही, बोटं लागतात. हे पहिलंच काहीतरी मी… जाऊ दे.

१९ जाने., बुध.



नणंदेला कॉम्प्युटर शिकायचाय. सुटल्यावर मीनाला घेऊन बोईसरला स्टेशनजवळच्या क्लासमध्ये गेले. पत्र्याची खोली, चार मशिनी. कोपऱ्यातल्या मशीनपुढे पाचसहा मुली दाटीने उभ्या. एक ओरडली, "अगं राणी धर, राणी हातात धर!"

विहीर. आमची. तीच सात रकान्यांची. खाली बारीक अक्षरांत J. TANDEL. जयवंत तांडेल.

एवढंच. बाकी कोणाचं नाव नाही.

क्लासच्या सरांना विचारलं, कुठून आणला? "मित्राने दिला. मस्त डोकं चालवलंय हं. ती हातात पत्ता धरायची आयडिया तर…" मी मान हलवली. त्यांना म्हटलं, मला एक कॉपी मिळेल? लगेच दिली. सगळे सगळ्यांना देतात.

मीना विचारत होती, वहिनी, फी किती म्हणाले? मी ऐकलंच नव्हतं.

२० जाने., गुरु.

जयवंत यायच्या आत कालची फ्लॉपी मशीनला लावली, खेळ चालवला. पत्त्याचा वेग, हरल्यावरचा आवाज, सगळं आमचंच. फरक फक्त नावाचा.

मग तो आला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "असला खेळ अजून कोणी केला असेल का रे?"
"कुटं बगितला काय तुमी?"
"नाही. आपलं असंच."
कान लाल. पण मग तोही मला निरखत होता. माझं काय लाल होतं, कोण जाणे.

फ्लॉपी पर्समधून घरी आणली. कपाटात साड्यांखाली आहे. पुरावा.

२२ जाने., शनि.

तो कँटीनला गेला तेव्हा मी गेले नाही. डबा नको म्हटलं, ॲसिडिटी.

खेळाच्या मूळ लिखाणात चार ओळी घातल्या. पाच हजार गुण झाले की विहिरीच्या तळाशी माझं नाव उमटेल. पूर्ण नाव, आडनावासकट. फक्त माझंच. इतके गुण आम्हा दोघांनाही अजून झालेले नाहीत, म्हणजे त्याला दिसायचं नाही.

बरं वाटलं. पाच मिनिटं.

२४ जाने., सोम.

भयंकर दिवस.

सकाळी डिस्पॅचचं रजिस्टर उघडलं. ट्रक नंबर, ड्रम, पार्टी, सगळं नीट दिसत होतं. मग वरच्या ओळीतलं एक अक्षर सुटलं आणि घरंगळत खाली गेलं. मग दुसरं. बघता बघता सगळी अक्षरं गळून स्क्रीनच्या तळाशी ढीग. मी आणि जयवंत, दोघंही बघतच राहिलो. क्षणभर वाटलं, हे आमच्याच खेळाचं काहीतरी आहे. त्यालाही वाटलं असणार, कारण तो पुटपुटला, "आपली विहीर…"

चलनं निघेनात. दुपारपर्यंत गेटवर ट्रकची रांग पार वळणापर्यंत. एक ड्रायव्हर खिडकीशी येऊन सारखा विचारत होता, "मॅडम, गाडी कब छूटेगी?" शेवटी हाताने चलनं लिहिली. बोटं सुजलीत.

साहेब मागे उभे होते. त्यांनी मशीनमध्ये काय काय आहे त्याची यादी काढायला लावली. यादीत VIHIR.
"हे काय?"
दोघंही चलनं सारखी करत राहिलो.
साहेबांनी स्वतः चालवून पाहिलं. वरून पत्ते पडायला लागले. "अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे हेच ते. ह्यानेच रजिस्टर पाडलं."

२५ जाने., मंगळ.

एकेकाला आत बोलावलं. आधी मी.
"हा खेळ तुम्हाला माहीत होता?"
"पाहिला होता."
"कोणी केला?"
"मला… नक्की सांगता येणार नाही."

जशीच्या तशी वाक्यं लिहिलीत. पुन्हा वाचली.

मग तो गेला. अर्ध्या तासाने बाहेर आला, माझ्याकडे न बघता चपला घालून कँटीनला गेला. आत काय बोलला? मला खात्री आहे, सगळं माझ्यावर ढकललं असणार. सीनिअर मी आहे. मशीनची जबाबदारी माझी. मी त्याच्या जागी असते तर?

ह्याचं उत्तर इथे लिहिणार नाही.

२७ जाने., गुरु.

साहेबांनी कागद समोर ठेवला. जयवंतचं तिरकं अक्षर. "सदर खेळ मी एकट्याने तयार केला आहे. त्यात इतर कोणाचाही काहीही संबंध नाही."
"बरोबर आहे का, मॅडम?"

एकाच वेळी दोन गोष्टी मनात आल्या. पहिली, मी वाचले. दुसरी, ह्याने खेळ घेतला माझा. आधी पडद्यावर आणि आता कागदावर, साहेबांच्या साक्षीने. "एकट्याने." तीच हातात पत्ता धरायची गोष्ट, तीसुद्धा ह्याचीच आता.

"बरोबर आहे," मी म्हटलं. खाली साक्षीदार म्हणून सही मागितली. केली.

संध्याकाळी जयवंतचा गेटपास जमा करून घेतला. चौकशी होईपर्यंत घरी. खुर्चीवरची उशी घेऊन गेला, त्याच्या आईने शिवलेली. जाताना म्हणाला, "येतो ताई." मी मान वर केली नाही. चिडून की कशाने, ते त्याला कळलं नसेल. मलाही नाही.

१ फेब्रु., मंगळ.

मुंबईहून इंजिनिअर आला. त्याच्या फ्लॉपीने मशीन तपासायला तास-दीड तास लागला. तेवढ्यात दुसऱ्या मशीनवर ह्या बाबाने काय करावं, तर विहीर खेळत बसला! आणि चांगला खेळत होता. तीन हजार. चार हजार. मी त्याच्या मागे उभी. साहेब बाजूच्या खुर्चीवर. चार हजार सहाशे. गुलाम हातात धरून ठेवलेला त्याने, आणि वरून राणी येत होती, खाली राजा. मी म्हटलं, "चहा घेता ना?" आणि ट्रे पुढे केला. त्याची नजर हलली. राणी भलत्याच रकान्यात पडली. विहीर भरली.

चहाचा ट्रे माझ्याच हातात राहिला होता.

मग त्याने जे सांगितलं ते आणखी वाईट. खेळात काहीच दोष नाही. व्हायरस आहे, बाहेरच्या फ्लॉपीतून आलेला. असल्या खेळांच्या कॉप्या करताना एकाच्या मशीनमधून दुसऱ्याच्या मशीनमध्ये जातो. मशीनमध्ये शिरला तो वीस तारखेच्या आसपास. "बाहेरून कोणी खेळाची फ्लॉपी आणली होती का?"
साहेब म्हणाले, "आणली असणार. त्यानेच."

वीस तारीख. गुरुवार. क्लासची फ्लॉपी. सकाळी, तो यायच्या आत.

"तुमच्याकडच्या सगळ्या फ्लॉप्या द्या, मॅडम." दिल्या. एक सोडून सगळ्या.

२ फेब्रु., बुध.

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती फ्लॉपी जाळून टाक. कोणाला कळणार नाही."
"आणि जयवंत?"
"त्याने लिहून दिलंय ना स्वतःहून?"
थोड्या वेळाने, पेपर तपासता तपासता, वर न बघता: "एक सांग. तो तुझ्यासाठी नोकरी का घालवेल?"
"माझ्यासाठी कुठे? त्याने माझं नाव खोडलंय."
"तू म्हणतेस तसं असेल. किंवा नसेल."
लाल पेन पुढच्या पेपरावर गेलं. मला वाटत होतं की आपण एकटीच संशयी. आता घरात दोघं आहोत.

फ्लॉपी जाळली नाही.

८ फेब्रु., मंगळ.

मीनाचा क्लास सुरू झाला. आज घरी येऊन म्हणाली, "वहिनी, नवे सर आलेत शिकवायला. तांडेल सर. काय छान समजावतात!"

म्हणजे जागा तयारच होती. कधीपासून? फ्लॉपी नेली तेव्हापासून? कागदावर "एकट्याने" लिहिलं ते साहेबांसाठी की क्लासवाल्यासाठी, की बघा, हा खेळ माझा, मला नोकरी द्या? तेव्हापासून डोक्यात हेच. मला त्याचा राग करायला कारण हवंय आणि ते मिळालं की लगेच ते पुरेसं वाटेनासं होतं. कारण फ्लॉपी माझी. काहीही झालं तरी फ्लॉपी माझी.

११ फेब्रु., शुक्र.

सुट्टी. दांडीला गेले. ह्यांना सांगून गेले. "जा," एवढंच म्हणाले, आणि बस सुटेपर्यंत स्टँडवर उभे होते.

गावात विचारत विचारत घर सापडलं. दारापुढे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. त्याची आई मांजरं हाकलत बसली होती. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.
"तूच का ती पत्त्यांची बाय? ये, बस. पोरगा रोज तुजं सांगायचा. ताईनं हे सुचवलं, ताईनं ते सुचवलं. माजं डोकं खाल्लंन."
मला बसवेना. म्हणजे घरी तरी तो…

जयवंत आतून आला. शर्ट घालत घालत. मला बघून दचकला नाही. आम्ही किनाऱ्याच्या बाजूला ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत उभे राहिलो. मी पर्समधून फ्लॉपी काढली.
"व्हायरस ह्यातून गेला. मी आणली होती. क्लासमधून."
त्याने हातात घेतली, उलटसुलट केली. "तुमी?" मग म्हणाला, "आनि मी झोपलो नाय पंद्रा दिवस. मला वाटलं माज्याच फ्लॉपीतनं गेला."
"म्हणजे नेलीस तू."
"नेली ना. क्लासवाला दोस्त हाय. त्याला दाखवायचं होतं आमी काय केलंय ते."
"आमी?"
तो होडीच्या कडेवरची वाळू झाडायला लागला.
"जयवंत, तू फक्त तुझंच नाव का लिहिलंस?"
"कागदावर का पडद्यावर, ताई?"
"दोन्हीकडे."
"पडद्यावरचं हौसेनं. बगू म्हटलं, आपलं नाव कसं दिसतं. तवाच तुमी आत आला नि मी पुसलं. मंग तुमचं घालायचं राहून गेलं."
खरं वाटलं. मग वाटलं, कान बघायला हवेत. पण त्या उन्हात दोघांचेही चेहरे लालच होते.
"आणि कागदावरचं?"
तो वाळूकडे बघत म्हणाला, "रजिस्टर पडलं त्या सोमवारी, सकाळी, तुमी यायच्या आदी मी खेळलो होतो. पाच हजार दोनशे झाले. तळाला तुमचं नाव आलं. एकटीचं."

पायाखालची वाळू सरकली की काय. लाट नव्हती तिथे.

"म्हणजे लिहून देताना तुला ते माहीत होतं."
"हां."
"मग 'एकट्याने' लिहिलंस ते मला वाचवायला की मला धडा शिकवायला?"
"ते तुमीच ठरवा. तुमाला आदी ठरवायची सवय हाय."
रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर सोपं गेलं असतं.

आईने हाक मारली. जेवून जा म्हणाल्या, मी बस चुकेल म्हटलं. पिशवीत सुकट बांधून दिली. फ्लॉपी त्याने मला परत दिली. "तुमची हाय," म्हणाला.

१४ फेब्रु., सोम.

साहेबांना पत्र लिहायला घेतलं. "सदर खेळ तांडेल यांनी व मी मिळून तयार केला. व्हायरस असलेली फ्लॉपी मी आणली."

लिहिलं आणि थांबले. हे त्याच्यासाठी लिहितेय की "व मी" हे दोन शब्द एकदाचे कागदावर यावेत म्हणून? ह्यांना विचारलं. म्हणाले, "दोन्ही असेल. दोन्ही असलं म्हणून काय बिघडलं?" मग म्हणाले, "नोकरी गेली तर बघू." आणि स्वतः उठून पाकीट आणून दिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

१५ फेब्रु., मंगळ.

दिलं. फ्लॉपीसकट.

साहेबांनी चष्मा चढवला, पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं होतं, ओरडतील. ते कपाटातून जयवंतचा कागद काढून माझ्या पत्राशेजारी ठेवत म्हणाले, "हे खरं असेल तर हे खोटं आहे. त्याने कंपनीला खोटं लिहून दिलं. आणि त्यावर साक्षीदार म्हणून सही कोणाची, तर तुमची."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी त्याला सोडवायला गेले आणि आणखी अडकवून आले.

"मला वाचवायला लिहिलं असेल त्याने, साहेब."
"असेल? तुम्हाला माहीत नाही?"
"नाही."
"मग त्यालाच विचारू. उद्या दहाला दोघंही या. त्याच्याकडे माणूस पाठवतो."

सुटल्यावर बोईसर स्टँडला आले. दांडीची बस उभी होती. चढले असते तर अंधार पडायच्या आत पोचले असते. उद्या काय सांगायचं ते दोघांनी बसून ठरवलं असतं, एकच गोष्ट, दोघांच्या तोंडी सारखी. त्याचं भलं झालं असतं कदाचित. माझंही.

कंडक्टर दोनदा म्हणाला, "बाई, येताय का?"

पण ठरवून गेलो, तर उद्या तो जे बोलेल ते त्याचं की मी पढवलेलं, हे मला जन्मभर कळणार नाही. आणि न ठरवता गेलो, आणि तो पुन्हा "एकट्याने" म्हणाला, तर…

बस गेली. मी पालघरच्या गाडीने घरी आले. मीना ओट्याशी होती, तिला म्हटलं, भात तू लाव. उद्याची साडी काढून ठेवलीय. दहा वाजता त्याच्या शेजारी उभी राहीन आणि ऐकेन.